एमडीएम आहे ना, मग फोन मोजायचे कशाला?

'एक आयटीवाला' यांस,

माझ्या डार्क स्टोअरमधल्या (फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणाऱ्या गोदामातल्या) फोनांवरच्या लेखाखाली आपण लिहिलंत: "एमडीएम असताना दर शिफ्टला फोन मोजायला सांगणं हास्यास्पद आहे. कन्सोलवर सगळं दिसतं. लेखकाने गोदाम आतून पाहिलेलं नसावं." (एमडीएम म्हणजे कंपनीचे फोन दुरून सांभाळणारी प्रणाली, कन्सोल म्हणजे तिचा पडदा.) त्याच्या जोडीला टीसी21 ची चूक, 15 टक्के जादा फोनांचा खर्च आणि रायडरच्या स्वतःच्या फोनाचा प्रश्न.

आधी चूक कबूल करतो. झेब्रा कंपनीच्या टीसी21 या हँडहेल्डला सिम नसतं, तो नुसत्या वायफायवर चालतो. सिमवाला तो टीसी26. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. "महाशयांनी निदान माहितीपत्रक तरी उघडावं" हे शेपूट नसतं तरी दुरुस्ती एवढीच झाली असती.

राहता राहिलं गोदाम. हँडहेल्डवर विंडोज मोबाइल चालायचं तेव्हापासून मी हेच काम करतो. याहून जास्त दाखले इथे जोडणार नाही.

आता "कन्सोलवर सगळं दिसतं" याबद्दल. कन्सोलवर दिसतं ते फोनने शेवटचं जे कळवलं ते. फोन बंद पडला की तो काहीच कळवत नाही आणि पडद्यावर शेवटची नोंद तशीच राहते: बॅटरी 64 टक्के, ठिकाण स्टोअर, धोरण लागू. प्रत्यक्षात तो फोन तांदळाच्या गोणीमागे किंवा कोणाच्या तरी सॅकमध्ये मेलेला असतो. 'हरवलेला फोन वाजवा' हे बटण जिवंत फोनालाच लागू पडतं. तळघरातल्या स्टोअरमध्ये जीपीएस पोचत नाही, त्यामुळे नकाशावर फार तर इमारत कळते, रॅक कळत नाही.

त्याहून वाईट गत कपाटाच्या खणातल्या जादा फोनाची. कन्सोलवरून वायफायचा पासवर्ड बदलला, चालू फोनांना नवा मिळाला, खणातला मात्र बंद होता. तीन आठवड्यांनी कोणाचा तरी स्क्रीन फुटतो आणि तो बाहेर निघतो. त्याला जुनाच पासवर्ड माहीत असल्यामुळे तो नेटवर्कवर येत नाही, आणि नेटवर्कवर येत नाही म्हणून नवा पासवर्ड मिळत नाही. सिम नसेल तर हाताने टाका, आणि किऑस्कमध्ये (फोन ठरावीक कामालाच बांधलेला असतो त्या मोडमध्ये) सेटिंग्ज झाकलेली असतील तर तेही जमणार नाही. म्हणून पासवर्ड बदलताना जुनं नेटवर्क निदान 2 आठवडे चालू ठेवायचं, आणि जादा फोन कपाटात न ठेवता चार्जिंगच्या रॅकवर लावून रोज फिरवायचे. बंद पडलेला फोन कन्सोलला शोधता येत नाही. रॅकवरचा रिकामा खण मात्र कोणालाही दिसतो.

फॅक्टरी रीसेटचंही तेच. झीरो-टचमध्ये (अँड्रॉइड फोन आपोआप एमडीएमला जोडणाऱ्या नोंदणीत) नोंदलेला फोन रीसेट केला तरी नेटवर्क मिळताच परत आपल्याच ताब्यात येतो. पण त्यासाठी तो अधिकृत विक्रेत्याकडून, नोंदणीसकट घ्यावा लागतो. घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले, स्वागताच्या पडद्यावर सहा टिचक्या मारून क्यूआर कोडने एमडीएमवर चढवलेले फोन वेगळे. त्यावर रीसेट संरक्षणाचं खातं लावलेलं नसेल तर बटणं दाबून रिकव्हरीतून पुसला की फोन मोकळा. कन्सोलवर मात्र त्याची ओळ तशीच राहते. आपला 'सगळं दिसतं'चा आकडा अशाच ओळींनी फुगलेला असतो.

अ‍ॅपची आवृत्तीही घ्या. मॅनेज्ड प्लेमध्ये (गूगलच्या कंपन्यांसाठीच्या प्ले स्टोअरमध्ये) अपडेटचं धोरण नेहमीचं ठेवलं तर फोन चार्जिंगला हवा, वापरात नको, नेट मोजकं नको आणि ते अ‍ॅप समोर उघडं नको. किऑस्कमध्ये पिकिंगचं (ऑर्डरीतला माल उचलण्याचं) अ‍ॅप कायम समोरच असतं! म्हणजे रात्रभर चार्जिंगला असूनही फोन जुन्याच आवृत्तीवर. उलट 'हाय प्रायॉरिटी' (अपडेट लगेच लावणं) कायम ठेवलं तर अर्धी ऑर्डर पिशवीत असताना अ‍ॅप पिकरच्या हातातच बंद पडून नवं होतं. म्हणून पहाटे 3 ते 5 मध्ये, आधी 5 स्टोअरना, मग बाकीच्यांना हाय प्रायॉरिटी लावायची आणि काम झालं की काढायची. सिस्टिम अपडेटचं बरं आहे, ते 90 दिवसांपर्यंत गोठवता येतं. (गणपती ते दिवाळी त्यात आरामात बसते. 2020 मध्ये अधिक आश्विन आला होता, तेव्हाही 84 दिवस होते.) मात्र त्या काळात सुरक्षेचे पॅचही थांबतात, हे लिहून ठेवा.

तर मोजणी. फोनाच्या पाठीवर मोठा क्रमांक, तोच वॉलपेपरवर, तोच रॅकच्या खणावर. शिफ्ट संपली की फोन आपापल्या खणात. रिकामा खण लांबून दिसतो, यादी वाचावी लागत नाही. 23 फोनांना 5 मिनिटं पुरतात. फोन हातात येतोच तर तेव्हाच आणखी दोन गोष्टी कळतात, ज्या कोणत्याही कन्सोलला कळत नाहीत. एक, टाइप-सी खोबणीत कणीक-हळदीची भुकटी दाबून बसलेली असते. केबल अर्धीच आत जाते आणि सकाळी फोन 30 टक्क्यांवर. ती लाकडी टूथपिकने काढायची, सुईने नाही. दोन, पाठ किंचित फुगलेली: फोन टेबलावर आडवा ठेवून बोटाने फिरवा, भोवऱ्यासारखा फिरला तर बॅटरी गेली. तो परत चार्जिंगला लावायचा नाही.

चार्जरबद्दलही आपण "कुठलाही चालतो" असं ओघात म्हणून गेलात. 60 वॉटचा 10 खोबण्यांचा चार्जर म्हणजे फोनामागे 6 वॉट. 5000 एमएएचची बॅटरी सुमारे 19 वॉट-तास. गळती धरून चार तास, तेही स्क्रीन बंद असताना. शिफ्टच्या मध्ये अर्धा तास लावून काय मिळणार, गणित आपणच करा, आयटीवाले आहात.

15 टक्क्यांच्या खर्चाबद्दल: 20 पिकरमागे 3 फोन. एक दुरुस्तीला, एक फुटलेला, एक चार्जिंगला. यात उधळपट्टी दिसत असेल तर दिसो. रायडरचा फोन त्याच्या मालकीचा, तो या लेखाचा विषयच नव्हता.

वाद घालायचाच असेल तर एक करा. आज रात्रीच्या शिफ्टबदलाला कुठल्याही एका स्टोअरच्या रॅकसमोर उभे राहा. कन्सोलवर 'सक्रिय' दिसणारे फोन आणि समोर हाताला लागणारे फोन, दोन्ही आकडे इथे खाली टाका. जुळले तर मोजणीचा परिच्छेद मी लेखातून काढतो.