‘गांजा आता जगभर औषध’: त्या फॉरवर्डमधलं खरं किती, चढवलेलं किती

गेली काही वर्षं एक मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येतो. शब्द थोडे इकडेतिकडे, दावे तेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२० मध्ये गांजा घातक पदार्थांच्या यादीतून काढला. त्यामुळे तो आता जगभर अधिकृत औषध झाला आहे. गुण सिद्ध झाला म्हणूनच देशांनी कायदे बदलले. औषध कंपन्यांनी तो इतकी वर्षं दाबून ठेवला होता. आता मागे फिरणं नाही, आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळ असली की कुठल्याही देशात कोणी हात लावू शकत नाही. शेवटी ‘कॅन्सरवर रामबाण’ हे शेपूट असतंच.

निव्वळ थाप असती तर कानाआड केली असती. पण यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एक तुकडा आहे, आणि तो पुढे करूनच बाकीचं गळी उतरवलं जातं.

सुरुवात यादीपासून करू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. मतदान झालं, हे खरं. २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगात २७ देशांनी बाजूने मत दिलं, २५ देशांनी विरोधात, युक्रेन तटस्थ राहिला. भारताचं मत बाजूने होतं. प्रश्न असा की नेमकं काढलं काय? १९६१ च्या अंमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय कराराला चार याद्या जोडलेल्या आहेत आणि गांजाचं नाव त्यातल्या दोन याद्यांत होतं, पहिल्या आणि चौथ्या. पहिली यादी कडक नियंत्रणाची: लागवड, साठा, आयात-निर्यात, सगळ्याचा हिशेब द्यायचा. चौथी यादी त्यातूनही वेगळ्या काढलेल्या पदार्थांची, हेरॉइनसारख्या; धोका मोठा आणि औषधी उपयोग नगण्य, असं मानलेल्यांची. मतदानाने गांजा चौथीतून बाहेर आला. पहिलीत तो होता तिथेच आहे, मॉर्फिन आणि कोकेनच्या पंगतीला.

फॉरवर्डमध्ये कधीच न सापडणारी आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा एक नव्हे, सहा शिफारशी पाठवल्या होत्या. मंजूर झाली ती ही एकच. गांजातला नशा न आणणारा घटक म्हणजे सीबीडी. तो मुख्य असलेल्या आणि नशा आणणारा टीएचसी ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेल्या औषधांना आंतरराष्ट्रीय नियंत्रणातून सूट द्यावी, ही त्यातल्या त्यात सौम्य शिफारसदेखील देशांनी फेटाळली. गांजासाठी दारं सताड उघडणारे देश असे वागत नाहीत.

आणि मुळात त्या कराराने औषधी वापरावर बंदी कधी घातलीच नव्हती. वापर वैद्यकीय आणि शास्त्रीय कामापुरता मर्यादित ठेवा, असं तो सांगतो. लागवडीला परवानगी द्यायची तर पीक सरकारी यंत्रणेने ताब्यात घ्यावं, एवढी अट घालतो. म्हणून तर कॅनडाने २००१ मध्ये रुग्णांसाठी नियम केले, नेदरलँड्समध्ये २००३ पासून औषधाच्या दुकानात गांजा मिळू लागला, जर्मनीने २०१७ मध्ये चिठ्ठीवर दिला. हे सगळं २०२० च्या आधीचं. मतदानामुळे गांजा औषध झाला हा दावा नुसत्या तारखा लावून पाहिल्या तरी टिकत नाही.

‘जगभर अधिकृत औषध’ म्हणताना नेमका कुठला कायदा डोळ्यासमोर असतो, ते मला आजवर कळलेलं नाही. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून गांजाजन्य औषध लिहून देता येतं, पण सुरुवात विशेषज्ञ डॉक्टरनेच करायची. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरला तो अधिकार नाही. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये वाट मोकळी केली, तरी तिथे रुग्णांना मिळणारी बहुसंख्य उत्पादनं औषध म्हणून नोंदलेली नाहीत. डॉक्टर ती खास परवानगीच्या मार्गाने देतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी वैद्यकीय वापर मान्य केला, पण केंद्रीय कायद्याने १९७० मध्येच गांजा सर्वांत कडक वर्गात टाकला होता. तो तिसऱ्या, तुलनेने सौम्य वर्गात आणायचा प्रस्ताव सरकारने मांडला तो थेट मे २०२४ मध्ये.

जपानचं उदाहरण तर अशा मजकुरांत हमखास अर्धंच येतं. ‘जपाननेही मान्यता दिली!’ दिली, खरंच दिली. डिसेंबर २०२३ मध्ये कायदा बदलला, वर्षभराने तो लागू झाला आणि गांजापासून बनवलेल्या मान्यताप्राप्त औषधांना परवानगी मिळाली. त्याच दुरुस्तीने गांजाचं सेवन हा स्वतंत्र गुन्हा झाला, सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा. आधी तिथे बाळगणं आणि पिकवणं गुन्हा होता, सेवन नव्हतं. म्हणजे एकाच कायद्याने औषधाची खिडकी उघडली आणि बाकीच्यांसाठी दार आणखी घट्ट लावलं. याची गणती ‘मान्यता दिलेल्या देशांत’ करायची की नाही, हे फॉरवर्ड करणाऱ्यानेच ठरवावं.

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दावा: गुण सिद्ध झाला म्हणून कायदे बदलले.

कायदे कसे बदलले ते बघा. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने ठरवलं. कॅनडात अपस्माराच्या एका रुग्णाच्या खटल्यात २००० साली न्यायालयाने सरकारला मुदत घालून दिली, म्हणून नियम आले. जर्मनीत २०१६ मध्ये न्यायालयाने एका गंभीर रुग्णाला घरी रोपं लावायची मुभा दिली आणि सरकारला हातपाय हलवावे लागले. ब्रिटनमध्ये २०१८ च्या जूनमध्ये सतत फिट येणाऱ्या एका मुलासाठी आईने परदेशातून आणलेलं तेल विमानतळावर जप्त झालं. देशभर गदारोळ उठला आणि काही महिन्यांत नियम बदलले. या बदलांमागे न्यायालयं होती, मतदार होते, हताश आईबाप होते. त्यात गैर काहीच नाही. लोकशाहीत कायदे असेच हलतात. पण याला औषधाच्या गुणाचा पुरावा म्हणता येत नाही.

पुरावा कसा दिसतो, तोही पाहू. द्रावे सिंड्रोम हा लहान मुलांमधला अपस्माराचा अतिशय चिवट प्रकार. २०१७ मध्ये अशा १२० मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना शुद्ध सीबीडीचं द्रावण, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण, आणि दोन्ही गटांची आधीची औषधं चालूच. सीबीडी गटात महिन्याला येणाऱ्या झटक्यांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १२.४ वरून ५.९ वर आला; दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१ वर. सीबीडी घेणाऱ्यांत गुंगी, जुलाब, भूक मंदावणं आणि काहींच्या यकृताच्या तपासणीत बिघाड हेही दिसलं आणि तेही छापलं गेलं. अशा कामाच्या जोरावर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘एपिडायोलेक्स’ या सीबीडीच्या द्रावणाला मान्यता दिली. ती मान्यता त्या द्रावणाला, ठरावीक मात्रेत, ठरावीक प्रकारच्या अपस्मारासाठी. गांजाच्या झाडाला नाही.

ब्रिटनमध्येच कायदा बदलल्यावर वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, तिथल्या ‘नाइस’ या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी संस्थेने उपलब्ध पुरावा चाळून मार्गदर्शन काढलं. केमोथेरपीच्या उलट्या इतर औषधांनी आटोक्यात येत नसतील तर नॅबिलोन या टीएचसीसारख्या कृत्रिम औषधाचा विचार करा. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू ताठरत असतील तर गांजाजन्य ठरावीक स्प्रे वापरून पाहा. जुनाट दुखण्यासाठी मात्र टीएचसीची औषधं देऊ नका. कायद्याने वाट उघडली आणि त्याच देशातल्या तज्ज्ञांनी तिच्यावर ‘सध्या इथपर्यंतच’ अशी पाटी लावली. लोक गांजा सर्वांत जास्त ज्यासाठी मागतात ते जुनाट दुखणं पाटीच्या पलीकडे राहिलं.

कंपन्यांनी दाबून ठेवल्याच्या आरोपात एक रास्त तक्रार दडलेली आहे. संशोधन खरंच अडलं होतं, पण ते सरकारी नियमांनी. अमेरिकेत १९६८ पासून २०२१ पर्यंत संशोधनासाठीचा अधिकृत गांजा पिकवायचा परवाना मिसिसिपी विद्यापीठ या एकाच ठिकाणी होता. कंपन्यांचं म्हणाल तर त्यांनी यात पैसा ओतला आणि कमावलाही. टीएचसीची कृत्रिम गोळी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. एपिडायोलेक्स बनवणारी ब्रिटिश कंपनी २०२१ मध्ये सुमारे ७ अब्ज डॉलरला विकली गेली. दाबून ठेवायच्या मालाला इतका भाव येत नसतो.

मागे फिरणं नाही म्हणणाऱ्यांनी थायलंड पाहावं. जून २०२२ मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून बाहेर, हजारो दुकानं, पर्यटकांची रीघ. जून २०२५ मध्ये सरकारचा नवा आदेश: गांजाचं फूल फक्त चिठ्ठीवर. ज्यांनी भांडवल घातलं होतं ते बसले हात चोळत. जर्मनीतही ऑनलाइन प्रश्नावली भरून चिठ्ठ्या मिळू लागल्यावर सरकारने २०२५ मध्ये त्याला लगाम घालणारा मसुदा आणला.

चिठ्ठीच्या ताकदीबद्दल एकच प्रकरण पुरे. अमेरिकन बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात गांजाच्या तेलाची व्हेप कार्ट्रिज (ई-सिगारेटमध्ये बसवायच्या नळ्या), तेल सारं मिळून एक ग्रॅमही नाही. ॲरिझोनातल्या डॉक्टरचं पत्र वकिलांनी कोर्टात दाखवलं. शिक्षा झाली ९ वर्षांची. डिसेंबरमध्ये दोन देशांत कैद्यांची अदलाबदल झाली म्हणून ती सुटली; सामान्य प्रवाशासाठी कुठलं सरकार कैदी बदलायला बसलंय? परदेशी जाताना असं औषध न्यायचं असेल तर त्या देशाच्या यंत्रणेची लेखी परवानगी आधी हातात हवी. ती मिळत नसेल तर औषध न्यायचंच नाही.

राहिलं शेपूट. प्रयोगशाळेत बशीतल्या कॅन्सरपेशी टीएचसी किंवा सीबीडीने मेल्याचे प्रयोग आहेत. बशीत पेशी मारणारे पदार्थ ढिगाने सापडतात. कॅन्सर बरा करणारं औषध म्हणून गांजाला कुठल्याही देशाच्या औषध नियामकाने मान्यता दिलेली नाही. जी आहे ती केमोथेरपीच्या मळमळ-उलटीसाठी. घरात कोणी असं तेल आधीच सुरू केलं असेल तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांपासून लपवू नका. यकृतात ज्या यंत्रणेने अनेक औषधांचा निचरा होतो, तिच्यात सीबीडी ढवळाढवळ करतं, आणि दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी भलतीच चढू शकते. डॉक्टर रागावतील या भीतीने बाटली कपाटात ठेवली जाते आणि रक्ततपासणीतला बिघाड केमोच्या माथी मारला जातो.