सॉफ्ट समर, मुक्काम नागपूर

माझ्या कपाटात साड्या किती, हा आकडा मी नवऱ्याला आजवर कळू दिलेला नाही, तेव्हा तो इथेही सांगणार नाही. पण त्यातल्या मी स्वतःच्या पसंतीने घेतलेल्या किती, असं विचाराल तर हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या सगळ्या आल्या. आहेरात आल्या, मानपानात आल्या, भाच्याच्या मुंजीत आल्या, नणंदेच्या वास्तुशांतीत आल्या. देणाऱ्यांनी माझा चेहरा डोळ्यांसमोर आणून त्या निवडल्या असतील म्हणावं, तर चॉकलेटी काठांची मोहरी रंगाची एकच साडी मला दोन वेगवेगळ्या घरांतून आली. (त्यातली एक मीच पूर्वी तिसऱ्या घरी दिलेली होती. घडीवरून ओळखली.)

या कपाटासमोर उभी राहून एका दिवाळीत लेक म्हणाली, "आई, यातले निम्मे रंग तुझा चेहरा खातात."

लेक पुण्यात नोकरी करते आणि रात्री कोरियन मालिका बघते. सोलला जाणारे पर्यटक हल्ली राजवाडे बघतात, मुखवटे लावतात आणि 'पर्सनल कलर' करून येतात. म्हणजे तुमच्या कातडीला, केसांना, डोळ्यांना कोणते रंग खुलतात, हे एक जाणकार बाई कापडं लावून ठरवते. हे काम करणाऱ्या बाया आता आपल्याकडेही आहेत. लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून माझी वेळ घेऊन टाकली. फी विचारली तर म्हणाली, तू विचारू नकोस. जी रक्कम विचारायची नसते ती मी मनातल्या मनात साड्यांत मोजते. एक महेश्वरी, तीही बऱ्यापैकी.

येण्याआधी घरी नसा बघून ठेव, असं तिने बजावलं होतं. मनगटाच्या आतल्या बाजूच्या नसा निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कातडीची आतली छटा थंड, हिरवट दिसल्या तर उबदार, आणि काही कळेनासं झालं तर मधली. रक्त निळंही नसतं नि हिरवंही. कातडीत शिरलेला प्रकाश ज्या तऱ्हेने परत बाहेर येतो त्यामुळे नसा तशा भासतात. आम्ही तिघं सकाळच्या उन्हात मनगटं उलटी करून बाल्कनीत उभे राहिलो. मला माझ्या नसा निळ्या दिसल्या, ह्यांना हिरव्या. सासूबाईंनी मनगट हातात घेऊन जरा वेळ निरखलं आणि निदान केलं, "रक्त कमी हाय तुझ्यात. बीट खात जा."

आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची होती, म्हणून लेकीने पाठवलेला मजकूर वाचला, आणि तो मात्र रंजक निघाला. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे भारी पडदे विणत, तिथे रंगाईखात्याचा प्रमुख होता शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. तक्रार आली की तुमचा काळा पुरेसा काळा नाही. त्याने रंग तपासला, तर रंगात खोट नाही. खोट शेजारात होती. काळ्याच्या लगत विणलेले रंग काळ्याचं तेज मारत होते. या शेजारधर्मावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे १०२ वर्षांचा होऊन गेला. चेहऱ्याशेजारचं कापड चेहरा बदलतं, या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे.

त्यानंतरचा मानकरी योहानेस इटेन. हा स्विस चित्रकार जर्मनीतल्या बाऊहाऊस नावाच्या कलाशाळेत शिकवायचा. डोकं तुळतुळीत, अंगात साधूचा झगा, आणि विद्यार्थ्यांच्या जेवणात लसणाचा मारा. पुढे एका वर्गात त्याने सांगितलेल्या रंगसंगती मुलांना पटेनात, तेव्हा तो म्हणाला, बरं, तुम्हाला सुसंगत वाटतात ते रंग लावा. प्रत्येकाने निराळे लावले, आणि त्याला दिसलं की ज्याचे रंग त्याच्याच वर्णाशी, केसांशी मिळतेजुळते आहेत. मग १९८० साली कॅरोल जॅक्सन या अमेरिकन बाईंनी पुस्तक काढून अख्ख्या मनुष्यजातीची चार ऋतूंत वाटणी केली. विंटर आणि समर थंड, स्प्रिंग आणि ऑटम उबदार. काळे केस, काळे डोळे दिसले की बहुतेकांची रवानगी विंटरमध्ये. त्या हिशेबाने आमच्या डब्यात हावड्यापासून पुण्यापर्यंत एकच ऋतू होता. पुढे चाराचे बारा उपऋतू झाले, तेव्हा कुठे आपल्या लोकांना जरा हातपाय पसरायला जागा मिळाली.

पुण्यातल्या त्या बाई वयाने लेकीएवढ्याच, बोलायला गोड. खोलीतले दिवे बंद, खिडकी मोठी, समोर आरसा. पावडर नको, काजळ नको, लिपस्टिकचा प्रश्नच नाही. "काकू, टिकलीसुद्धा काढाल का?" काढली. मंगळसूत्र आत सरकवलं, कारण सोन्याची झाक हनुवटीवर पडते. केस झाकायला पांढरी टोपी, कारण माझे केस नक्की कोणत्या रंगाचे मानायचे यावर आमचं तिघींचं एकमत होईना. मुळाशी पांढरे, मध्ये बरगंडी, टोकाला जुनी मेंदी. अंगावर गळ्यापर्यंत पांढरं कापड. आरशात बघते तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत नेतात तसं ध्यान.

मग कापडाचे तुकडे सुरू झाले. हनुवटीखाली एक टाकायचा, त्यावर दुसरा, दुसरा काढून पुन्हा पहिला. "हा बघा काकू, आणि हा. जबड्याची रेघ बघा. नाकाशेजारची सावली बघा." मी बघत होते. मला मी दिसत होते. लेकीला मात्र सगळं दिसत होतं. "आई, डार्क सर्कल्स गेले! आई, आले!" डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी बसल्या जागी घालवत आणि आणत होते. बराच वेळ मी आपली "हो, हो" करत राहिले. माझ्या घरी ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांची अख्खी ट्रंक आहे, याच तुकड्यांसाठी पुण्याला यायचं काय कारण होतं, हाही विचार झाला.

आणि मग तिने केशरी टाकला. खोटं कशाला बोलू, कावीळ झाली. ओठांच्या कडेच्या सुरकुत्या दुप्पट झाल्या, गालांवरचे वांग उठून आले आणि मी स्वतःच म्हणाले, "काढा हो तो आधी." त्यावर तिने एक धुरकट गुलाबी तुकडा घातला. वांग मागे सरले, चेहरा जागेवर आला. आता हे मला आपलं वाटलं म्हणून सोडून देता येईना. तेव्हापासून मी सरसावून बसले.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नैसर्गिक उजेडात बसवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघणारी ही दुसरी व्यक्ती. पहिल्या होत्या मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मावशी. वडिलांनी कागदावर 'निमगोरी' लिहिलं होतं, म्हणून खातरजमा करायला त्यांनी मला "जरा खिडकीशी ये गं" म्हटलं होतं. स्थळ तिथेच बारगळलं. पुण्याच्या मुलीने माझ्यावर पुरी दुपार घालवली, पण गोरी, सावळी, गव्हाळ, दबलेला, उजळलेला यांतला एकही शब्द तिच्या तोंडून आला नाही. काळवंडलं ते कापडामुळे, असं म्हणत ती कापड बदलायची. माझ्या लेखी तिची निम्मी फी तिथेच वसूल झाली.

निकाल लागला: सॉफ्ट समर.

"अहो, मी नागपूरची आहे," मी म्हणाले. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, भर दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. आमच्या समरला सॉफ्ट म्हणणारा माणूस एकदा व्हेरायटी चौकात दुपारी दोन वाजता उभा करायला हवा. तिने समजावलं, की हा समर युरोपातला. सौम्य, धूसर, गारवा असलेला. त्याचे रंगही तसेच: राखी झाक मारलेला गुलाबी, मळकट जांभळा, पारवा, धुकट निळा, शेवाळी. वर्ज्य काय? काळा कुट्ट, पांढरा शुभ्र, केशरी, मोहरी, विटकरी. आणि दागिन्यांत सोनं नाही. चांदी.

रंगांचा एक पंखा देतात शेवटी, कापडाच्या बारक्या पट्ट्या एकत्र खिळलेला. तो घेऊन घरी आले.

सासूबाईंनी पंखा उलगडून, चष्मा लावून, पट्ट्या एकेक करून पाहिल्या. "हे तं सगळे विटलेले रंग हायेत. नवी साडी घ्यायची अन् ती आधीच धुतलेली दिसावी, याचे पैसे घेते का ती पोरगी?" त्यांच्या लेखी रंग म्हणजे डाळिंबी, राणी, मोरपंखी, अंजिरी, दिंडी दरवाजातून बाई आत आली की ओसरीवर कळलं पाहिजे. चांदीचं ऐकल्यावर त्यांनी पंखा मिटून माझ्या हातात दिला आणि देवघरात गेल्या.

हे मात्र जन्मात पहिल्यांदाच माझ्या एखाद्या शास्त्रावर निष्ठा ठेवून वागायला लागले. सोनं तोळ्याला लाखाच्या पार गेलेलं. "जाणकार माणसाने सांगितलंय तर पाळायला हवं," हे वाक्य त्यांनी धनत्रयोदशीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत जिथे जिथे लागू पडेल तिथे वापरलं. चांदीही पुढे कडाडली, तेव्हा त्यांनी ऑक्सिडाइज्डची चौकशी सुरू केली.

खरी पंचाईत पुढेच होती. आपल्याकडे आज काय नेसायचं हे तोंड बघून ठरतच नाही. ते ठरवतं कॅलेंडर. संक्रांतीला काळी साडी, म्हणजे माझ्या शत्रुपक्षातली पहिली. हळदीला पिवळं, डोहाळजेवणाला हिरवं. आणि नवरात्र! नऊ दिवस नऊ रंगांचा हा प्रकार कुठल्या पुराणात नाही, या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी वर्तमानपत्राने तो रुजवला. पण आता आमच्या बँकेत तो न पाळणं म्हणजे हजेरीपटावर सही न करणं. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी, वर मोरपंखी आणि गुलाबी. मी पंखा घेऊन बसले. या सगळ्यात माझ्या ऋतूचा असा निर्वेध रंग एकच, करडा. तो शनिवारचा. आणि तो शनिवार दुसरा निघाला. बँक बंद.

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, नियम तोंडाजवळच्या कापडाचा आहे. साडी कुठलीही असू दे, गळ्याशी काय येतं ते बघ. ब्लाउज तुझ्या रंगातलं शिव." तोडगा पटण्याजोगा होता. आहेरात साडी येते, ब्लाउजवर अजून माझी सत्ता आहे. मी मोहरीची साडी पिशवीत घातली, पंखा पर्समध्ये टाकला आणि बर्डीवरच्या, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारातल्या, मॅचिंग सेंटरमध्ये गेले.

या दुकानाच्या भाऊंना मी गेली कित्येक वर्षं ओळखते. भिंतभर टू बाय टू रुबियाची ठाणं. भाऊ साडीचा पदर चिमटीत धरतात, न बघता हात मागे नेतात आणि दोन ठाणं काढतात. मग गिऱ्हाइकाला घेऊन दुकानाच्या दारात. आत ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर उन्हात भांडतात, हे त्यांना ठाऊक असतं. पुण्यातल्या खिडकीचं सगळं शास्त्र या पायरीवर रोज फुकट चालतं. फरक एवढाच की भाऊंनी आजवर एकाही बाईच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. ते साडीला शोभेल ते देतात. साडीला नेसणारी शोभते का, हा त्यांचा विषय नाही.

मी पंख्यातली मळकट जांभळी पट्टी दाखवली. "याच्यात द्या, ऐंशी सेंटिमीटर."

"कशावर?"

मी मोहरीची साडी काढली. भाऊंनी साडीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि गल्ल्यावरच्या मुलाला चहा सांगितला.

"ताई, हे लावून तुम्ही जाल, कोणी इचारलं तं माझ्या दुकानाचं नाव नका सांगू."

मी शेव्रलपासून सुरुवात केली. शेजारच्या रंगाचा परिणाम, कातडीची छटा, समर. भाऊंनी शांतपणे ऐकलं. मधे पंखा हातात घेऊन दारात जाऊन उन्हात धरून आले. "क्वालिटी चांगली हाय. कोणत्या कंपनीचं शेडकार्ड होय? यातले तीन-चार शेड तं आता येणंच बंद झाले." माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला शेवाळी हवा होता, तिला त्यांनी माझ्याच पंख्यावरून नंबर काढून दिला. आणखी एकीने "बघू" म्हणून तो मागून घेतला. तो माझ्याकडे परत येईपर्यंत भाऊंनी चॉकलेटी ठाण गजावर मोजून, कात्रीची एक चुणूक देऊन फर्रकन फाडलंही होतं, काठाला बरोबर जुळणारं.

"अहो भाऊ, मला तो जांभळा..."

"अस्तर लागंल ना?" कापडाची घडी घालत ते म्हणाले. "मग अस्तर घ्या ना त्या कार्डातलं. आतून कोण बघून राहिलं?"