वाऱ्याआडची तार सैल का दिसते : आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

पावसाळा संपल्यावर आपल्या 22 फुटी होडीच्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या नव्या तारा आम्ही चढवून त्यांचा ताण जुळवून दिला. दोनच फेऱ्यांत वाऱ्याआडच्या (वारा येतो त्याच्या विरुद्ध) बाजूची तार लोंबू लागली, स्प्लिट पिनमध्ये अडकून जिब (पुढचे शीड) फाटले आणि दुसऱ्या भेटीचे आम्ही वेगळे पैसे घेतले, अशी आपली तक्रार आहे.

जिबच्या बाबतीत चूक सर्वस्वी आमची आहे. टर्नबकलमधील (तार कसण्याच्या स्क्रूमधील) पिनची टोके वळवून त्यांवर टेप गुंडाळायची राहून गेली. शिडाच्या दुरुस्तीची पावती पाठवावी, रक्कम आम्ही भरू.

तारेचे मात्र तसे नाही. होडी कलली की सगळा भार वाऱ्याकडची तार घेते, ती किंचित लांबते, डोलकाठी तेवढीच झुकते आणि पलीकडची तार ढिली पडते. चांगल्या वाऱ्यात ती बोटाने हलण्याइतकी सैल होणे योग्यच आहे. झोके घेऊ लागली तरच ताण कमी आहे असे समजावे. शिवाय 19 पदरी नवी स्टीलची तार पहिल्या काही फेऱ्यांत पीळ बसून थोडी लांबते, म्हणून पहिली फेरजुळणी आम्ही मूळ दरातच धरतो. हे आपल्याला आधी नीट सांगायला हवे होते. परंतु वाऱ्याआडची तारही ताठ राहील इतके कसून द्या, ही आपली मागणी आम्ही मान्य करणार नाही, कारण तो सगळा दाब डोलकाठीच्या बुडाशी आणि होडीच्या सांगाड्यावर येतो.

ताण आपल्याला स्वतः तपासता येईल. तार सैल असताना 2 मीटरच्या पट्टीचे वरचे टोक तारेला चिकटवावे आणि खालचे टोक तारेच्या टोकावरील फिटिंगला भिडवावे. मग टर्नबकल कसत गेल्यावर तिथे पडणारी दर 1 मिलिमीटरची फट म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या सुमारे 5 टक्के ताण. वरच्या तारांना आम्ही 3 मिलिमीटर, म्हणजे 15 टक्के, ठेवला होता. धक्क्यावर काही जण तार छेडून ताण ओळखतात. तंबोऱ्याला ते शोभते, पण इथे लांबी आणि जाडी बदलली की सूरही बदलतो.

दुसऱ्या भेटीत डावा टर्नबकल आमच्या नोंदीपेक्षा साडेतीन फेरे जास्त कसलेला होता आणि डोलकाठीचा शेंडा त्या बाजूला ओढला गेला होता. तो कोणी फिरवला, या वादात आम्हाला पडायचे नाही. मेन हॅलिअर्डने (मोठे शीड वर चढवण्याच्या दोराने) दोन्ही बाजूंची अंतरे मोजून डोलकाठी पुन्हा मध्यावर आणण्यात अर्धा दिवस गेला. आकारलेले पैसे त्या कामाचे होते आणि ते आम्ही परत करणार नाही.

आपली हरकत नसेल, तर दुपारचा खारा वारा 10-12 नॉटवर स्थिरावल्यावर आमचा कारागीर आपल्यासोबत बंदरात एक फेरी मारील आणि दोन्ही टॅकवर (वारा आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून घेत) तारा आपल्यासमोर तपासून, लागेल तेवढीच फेरजुळणी विनामूल्य करून देईल.