आम्ही चुकीच्या गाडीत किंचाळलो

फोटो टाकल्यापासून मेसेंजरवर दोनच प्रश्न येतायत. दुबईत डेझर्ट सफारी सकाळची घ्यावी का संध्याकाळची, आणि पोरांना क्वाड बाईक (चार जाड चाकांची, हँडलने चालवायची उघडी गाडी) झेपते का. पहिल्याचं उत्तर एका ओळीत देऊन मोकळी झाले, सकाळची घ्या. दुसऱ्याचं टाइप करायला घेतलं तर ते थांबेचना, म्हणून ही पोस्ट.

आम्ही पाचजण. दादा, वहिनी, त्यांची अकरा वर्षांची लेक, आई आणि मी. दादा तिथेच नोकरीला आहे त्यामुळे त्याला वाळवंटातलं सगळं कळतं (असं दादाचं मत). आईच्या मानेचं दुखणं जुनं आहे, आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं की मान, पाठ, हार्टचा त्रास असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर ड्यून बॅशिंग (म्हणजे वाळूच्या टेकाडांवरून गाडी उडवत नेणं) करू नका, त्यामुळे ती साध्या कच्च्या रस्त्याने थेट कॅम्पवर जाणार आणि खुर्चीत बसून आमची मजा बघणार असं ठरलं. तिने जे बघितलं ते पुढे सांगते.

नोव्हेंबरचा शेवट, सहाला गाडी दारात. हट्टाच्या रस्त्याने लाहबाबच्या वाळवंटात पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला. तिथली वाळू लाल आहे, फोटोत फिल्टर मारलाय असं वाटतं पण नाही, कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो त्याचा तो रंग, आणि तिरपं ऊन पडलं की अजूनच पेटतो.

सकाळीच का जायचं, तर लोक म्हणतात ऊन कमी असतं म्हणून. ते आहेच, उन्हाळ्यात तर तिथे ४५ डिग्रीच्या पुढे पारा जातो. पण मला पटलेलं कारण वेगळं आहे. सूर्य खाली असतो तेव्हा प्रत्येक टेकाडाची सावली पडते आणि कुठे चढ आहे, कुठे धार आहे, कुठे पलीकडे एकदम खोल आहे ते दिसतं. भरदुपारी तीच वाळू सपाट चादरीसारखी दिसते, दहा फुटांवरचा कडा कळत नाही. संध्याकाळीही सावल्या असतात हो, पण तोवर दिवसभराच्या गाड्यांनी सगळी वाळू नांगरलेली असते आणि हवेत धूळ. सकाळी रात्रीच्या वाऱ्याने बऱ्यापैकी इस्त्री मारलेली असते. एका उतारावर कुठल्यातरी किड्याच्या पायांची इतकी बारीक रांग होती की कोणीतरी मशिनवर टीप घातलीय असं वाटावं. भाचीने त्याचे सतरा फोटो काढले, आमचा एकही नाही.

आता गाडी. लँड क्रूझर, आत छताला आणि खांबांना जाड पाइपांचा पिंजरा, प्रत्येकाला बेल्ट. ड्रायव्हर पेशावरकडचा, हसरा माणूस. वाळू सुरू व्हायच्या आधी गाडी बाजूला घेतली आणि चारही टायरांतली हवा सोडायला लागला. दादा लगेच खाली उतरून "पंक्चर है क्या?" वाळवंटातलं सगळं कळतं ना.

पंक्चर नव्हतं. रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास असलेली हवा वाळूसाठी १५ च्या आसपास आणतात, टायर खाली पसरतो, वाळूवर टेकणारा भाग लांब होतो, वजन वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वरून तरंगत जातं. मी नंतर वाचलं तर ही युक्ती चांगली शंभरेक वर्षं जुनी निघाली, राल्फ बॅगनोल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९३० च्या आसपास साध्या फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळूच्या समुद्रात घुसला होता, टायरची हवा कमी करून आणि न थांबता वेगात चढून. तोवर असे डोंगर गाडीने ओलांडता येतील यावर कोणाचा विश्वास नव्हता. पुढे वाळू वाऱ्याने कशी सरकते याचा त्याने इतका अभ्यास केला की १९४१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. छंद असावा तर असा.

मग सुरू झालं. पहिल्या टेकाडाच्या माथ्यावर गाडीचं नाक आभाळाकडे, समोर फक्त निळं, आणि पुढच्या सेकंदाला नाक खाली आणि समोर फक्त लाल. वहिनी आणि मी जे किंचाळलो ते दिलेले पैसे वसूल करायला किंचाळलो नव्हतो, खरंच वाटलं की संपलं. गाडी एका बाजूला इतकी कलली की भाची माझ्या मांडीत आणि माझं डोकं काचेला. दादा पुढच्या सीटवर एकदम गप्प. पाचव्या मिनिटाला त्याने खिशातून पिशवी काढली. ज्याने आदल्या रात्री आम्हाला "पोटभर खाऊ नका, समोर क्षितिजाकडे बघा" असं लेक्चर दिलेलं तोच सकाळी तीन पराठे खाऊन निघालेला आणि सगळा वेळ मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तोल सांभाळणारा आतला कान सांगतो हलतोय, डोळे स्क्रीनला चिकटलेले, मग पोट निर्णय घेतं.

उतरल्यावर ड्रायव्हरला विचारलं, केवढा उतार होता हो तो? तो म्हणाला तीस-चौतीस डिग्री. मला साठ तरी वाटलेला. पण त्याचंच बरोबर आहे, कोरडी वाळू ३४ डिग्रीच्या आसपासच थांबते, त्यापेक्षा उभी झाली की आपोआप घसरते. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू पसरट आणि घट्ट, पलीकडची उभी आणि भुसभुशीत. म्हणून पसरट बाजूने जोर घेऊन चढायचं, माथ्याच्या जरा आधी पाय हलका करायचा नाहीतर गाडी उडते, फारच हलका केला तर गाडीचं पोट धारेवर टेकून चारही चाकं निकामी होतात (आमच्या जोडीच्या गाडीचं तेच झालं, फावडं आणि पट्टा लावून ओढून काढली, वीस मिनिटं गेली), आणि उभ्या बाजूने उतरताना नाक सरळ खाली, ना ब्रेक दाबायचा ना आडवं वळायचं. हे सगळं तो माणूस एका हाताने करत होता आणि दुसऱ्या हाताने दादाला पाण्याची बाटली देत होता.

म्हणजे बघा, जिथे आम्ही मरणाचे घाबरलो तिथे काय काय होतं. पिंजरा, बेल्ट, वर्षानुवर्षं तेच करणारा आणि त्यासाठी वेगळं परमिट काढलेला ड्रायव्हर, सोबत दुसरी गाडी, वायरलेस.

आणि मग कॅम्पवर आलो, खजूर-गाहवा (अरबी कॉफी) झाला, आणि एक पोरगा क्वाडच्या चाव्या घेऊन आला. कोणी जरासुद्धा घाबरलं नाही! सगळे हसत हसत जाऊन बसलो. खेळण्यासारखी दिसते ना ती, चार गुबगुबीत चाकं, लाल-निळे रंग, जत्रेतल्या गाडीसारखी.

ट्रेनिंग किती? मी सांगते. "अंगठ्याने हे दाबलं की पुढे, हे ब्रेक, मेरे पीछे आना." झालं. एका कागदावर सही, जो मी वाचला नाही. हेल्मेट दिलं, वहिनीचं इतकं सैल की मान हलवली की डोळ्यावर यायचं. गॉगल मागितले तेव्हा मिळाले. आणि काठीवरचा तो उंच झेंडा, जो असतो कशाला तर टेकाडापलीकडून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून, तो आमच्या चारपैकी दोनच गाड्यांना होता.

भाचीलाही वेगळी मोठी क्वाड देत होते. अकरा वर्षं. "कुछ नहीं होता मॅडम, बच्चे रोज चलाते हैं." मी नाही म्हटलं, म्हणजे त्या क्षणी काही अभ्यास होता म्हणून नाही, तिचे पाय फूटरेस्टवर पोचत नव्हते एवढंच दिसलं. मग म्हणाले पप्पांच्या मागे बसव. दादाचा चेहरा अजून हिरवा, तेव्हा तेही नको. भाची रुसून आजीशेजारी जाऊन बसली.

पहिली दहा मिनिटं मस्त, खोटं का बोलू. थंड वारा, कोणी चालवत नाहीये, आपणच चालवतोय. मग हौस वाढली. पुढचा पोरगा एका टेकाडाच्या कुशीने आडवा गेला, मी त्याच्या मागे. आणि मधेच जाणवलं की माझी वरच्या बाजूची चाकं हलकी झालीयेत. वाळूला धरून नाहीयेत. आयुष्यभर स्कूटी चालवलेल्या बाईने जे केलं असतं तेच मी केलं, उताराकडचा पाय खाली टेकवायला गेले. तो पोरगा मागे वळून जिवाच्या आकांताने ओरडला, "पैर ऊपर! पैर ऊपर!" पाय वर घेतला आणि घाबरून अंग टेकाडाकडे टाकलं, त्यानेच बहुतेक वाचले, गाडी धपकन चार चाकांवर आली आणि बंद पडली. मी दोन मिनिटं तशीच बसून. पोटरीला सायलेन्सर लागलाय हे तर उतरल्यावर कळलं.

पाय का टेकवायचा नाही? कारण मागचं चाक त्यावरून जातं. दोनेकशे किलोच्या वर वजन असतं त्या खेळण्याचं. आणि हे मला सही करायच्या आधी सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं!

घरी येऊन वाचत बसले रात्री, पोटरीला बर्फ लावून. क्वाड ही बाईकसारखी कलून वळत नाही आणि कारसारखी नुसत्या हँडलनेही नीट वळत नाही. बऱ्याच मॉडेलांत मागची दोन्ही चाकं एका दांड्यावर एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे वळताना आतल्या-बाहेरच्या चाकाची ओढाताण होते आणि चालवणाऱ्याने आपलं वजन इकडून तिकडे टाकायचं असतं. अंग हलवणं हेच अर्धं स्टिअरिंग. रुंदी कमी, उंची जास्त, बेल्ट नाही (अंगच हलवायचं तर बेल्ट बांधणार कसा), डोक्यावर पिंजरा नाही. मागे माणूस बसला की हलायला जागाच उरत नाही आणि वजनही मागे जातं, म्हणून बहुतेक क्वाड एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात, तसा स्टिकरही असतो, आपण त्यावर मांडी ठेवून बसतो.

याचा इतिहास पण भारी आहे. १९७० मध्ये होंडाने तीन चाकांची आणली, हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत तर डीलरांनी विकायचं काय म्हणून. बर्फ, वाळू, चिखल कुठेही चालायची, सस्पेन्शन नाही, नुसती फुगीर टायरं. धडाधड खपली आणि माणसंही धडाधड पडली, शेवटी १९८८ मध्ये अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टात समझोता होऊन तीनचाकी नव्या विकणं बंदच झालं. चारचाकी तोवर आलेली होती, ती उरली. आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते की १६ वर्षांखालच्या मुलांनी क्वाड चालवूच नये. अकरा वर्षांची नाही, सोळा!

आता माझ्या त्या इनबॉक्सवाल्या मैत्रिणींनो, मी जाऊ नका म्हणत नाहीये. मी परत जाईन आणि क्वाडही परत चालवीन. पण आधी हेल्मेट माझ्या हनुवटीला घट्ट बसेपर्यंत बदलून मागेन, झेंडा नसलेली गाडी घेणार नाही, टेकाड सरळ चढेन नाहीतर चढणारच नाही, आडवी जाणार नाही, माथ्यावर पोचायच्या आधी वेग कमी करेन कारण पलीकडे कडा असतो किंवा पलीकडून कोणीतरी माझ्यासारखंच येत असतं. आणि तो पोरगा घाई करत असेल तर करू दे. माझा राग त्याच्यावर नाहीच, खरं तर त्याच्या ओरडण्याने माझा पाय वाचला. राग आहे तो त्या दुकानावर, ज्यांनी एका माणसाला अर्ध्या तासात चार नवखे फिरवून आणायला सांगितलं आणि पुढचा गट बाहेर उभा ठेवला. आमच्या ग्रुपमध्ये एक दुसरं कुटुंब होतं, त्यांच्यातल्या काकांनी सांगितलं मी रोज बुलेट चालवतो, मला शिकवू नका. त्यांचीच क्वाड सगळ्यात आधी रुतली. दुचाकीची सवय इथे उपयोगी नाही, उलट नडते, माझा पाय त्याचा पुरावा.

आईचं राहिलंच. ती खुर्चीत बसून गाहवा पीत सगळं बघत होती. मी लंगडत आले तेव्हा मलम वगैरे काढायच्या आधी तिने विचारलं, "काय गं, त्या मोठ्या गाडीत तुम्हाला पट्ट्यांनी बांधून, पिंजऱ्यात घालून, शिकलेल्या माणसाने नेलं. आणि ह्या उघड्या घोड्यावर एकटीला सोडून दिलं? हे उलटं नाही का?"

मी काही बोलले नाही. दादा म्हणाला, आई, तुला त्यातलं कळत नाही.

परतताना डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ड्रायव्हर परत थांबला, टायरांत हवा भरायला, कारण कमी हवेवर रस्त्यावर वेगात गेलं तर टायर तापून फुटू शकतो. चारही टायर होईपर्यंत भाची शेजारी येऊन उभी राहिली, अजून तोंड फुगलेलंच. थोड्या वेळाने म्हणाली, आत्या, ती उघडी बग्गी असते ना, तिला पिंजरा पण असतो आणि खांद्यावरून बेल्ट पण. मी कॅम्पवर बघून आले. त्यात तरी तुझ्या शेजारी बसू देशील?

म्हटलं, चालवणार कोण?

"पप्पा नको," ती म्हणाली.