सह्याद्री काय माणसाने तापवला होता? – एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार. प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. आधी वाटलं खालीच चार ओळी टाकून द्याव्यात, पण ते चार ओळीत मावणारं नाहीये आणि तुमचेच मुद्दे मला फॅमिली ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकायला मिळतात, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की गेल्या शे-दीडशे वर्षांतली तापमानवाढ जवळजवळ सगळी माणसाने केलेली आहे. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर आहेत, त्यांचं म्हणणं असं की हवामान कायमच बदलत आलंय, अख्खा सह्याद्री लाव्ह्याचा आहे तेव्हा कोण गाड्या चालवत होतं, सहाशे वर्षांपूर्वीचा दुर्गादेवीचा दुष्काळ काय कोळशाने पडला का, निसर्ग माणसाच्या वीसपट कार्बन डायॉक्साइड सोडतो, बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या नोंदींमध्ये आधी तापमान वाढतं आणि मग हा गॅस, आणि हे सगळं गोऱ्या देशांनी आपला कोळसा बंद पाडायला काढलेलं खूळ आहे. शेवटी माझ्या 'पोपटपंची'बद्दल एक ओळ आहे, ती सोडून देऊ.

गंमत अशी की यातली शेवटची सोडली तर बहुतेक विधानं खरी आहेत. गडबड आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. 'नैसर्गिक आहे' हे कारण नव्हे हो, निसर्गातसुद्धा तापमान उगाच वाढत नाही, सूर्य वाढवेल, ज्वालामुखी वाढवतील, पृथ्वीची कक्षा बदलेल, काहीतरी घडावं लागतं आणि जे घडतं ते आपल्या खुणा मागे ठेवतं. तेव्हा नैसर्गिक म्हणायचं तर नक्की कुठलं ते नाव घेऊन सांगा, मग त्याच्या खुणा सापडतात का ते बघता येतं.

सह्याद्रीचंच घ्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा वाहिला, झिजून झिजून आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. आणि हो, त्या काळात पृथ्वी काही अंशांनी तापली होती. पण कशाने तापली? ज्वालामुखीतून निघालेल्या कार्बन डायॉक्साइडने! म्हणजे तुमचं उदाहरण सांगतंय काय, तर हा गॅस हवेत वाढला की पृथ्वी तापते. माझ्याच बाजूची साक्ष झाली की ही. दुसरं म्हणजे वेग. घाटातून जाताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे नीट बघा, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मधूनच विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्याचा वरचा भाग ऊनपावसाने कुजून माती झाली, मग पुढचा लाव्हा आला. असे थरावर थर, मध्ये एवढ्या मोठ्या सुट्ट्या घेत, काही लाख वर्षं हा उद्योग चालला होता. आपण जे करतोय ते दोनशे वर्षांतलं आहे. आणि आजचे जगभरचे सगळे ज्वालामुखी एकत्र केले तरी वर्षाला ५० कोटी टनांच्या आतच कार्बन डायॉक्साइड सोडतात, माणूस नुसत्या कोळसा-तेल-गॅस-सिमेंटमधून ३,७०० कोटी टनांच्या आसपास.

आता तो वीसपटवाला मुद्दा, यावर जरा जास्त वेळ घालवतो कारण तुमच्यासारख्या माणसाने यात अडकावं याचं मला खरंच नवल वाटलं. झाडं, माती, समुद्र मिळून वर्षाला माणसाच्या साधारण वीसपट गॅस सोडतात, बरोबर. पण तेवढाच शोषतातही की. तुम्ही आयुष्यभर धरणाचा हिशेब मांडलाय, नुसती आवक बघून पातळी का वाढली ते कधी सांगितलंत का? आवक, विसर्ग, साठा, तिन्ही लागतात. समजा एका धरणात नदीची आवक प्रचंड आहे आणि कालव्या-सांडव्यातून विसर्गही तेवढाच, त्यामुळे पातळी वर्षानुवर्षं तिथल्या तिथे. मग काठावर कुणीतरी बाहेरच्या विहिरीचा पंप आणून लावला, आवकेच्या मानाने चिमूटभर पाणी, आणि पातळी चढायला लागली. तुम्ही मीटर बसवून मोजलं तर कळलं की पंपाने १०० एकक पाणी सोडलं पण साठा वाढला फक्त ५०. मग उरलेलं ५० गेलं कुठे? विसर्गात. म्हणजे नदी पातळी वाढवत नाहीये, उलट बाकीची सगळी व्यवस्था मिळून पंपाचं अर्धं पाणी बाहेर काढतेय.

हवेत अगदी हेच चाललंय. जंगलतोड धरून आपण वर्षाला ४,००० कोटी टनांच्या वर सोडतो, हवेत वाढ दिसते साधारण २,००० कोटी टनांची. निसर्ग जर जास्तीचा गॅस सोडत असता तर वाढ आपल्या आकड्यापेक्षा मोठी दिसायला हवी होती, ती निम्मी दिसते. या एका बेरीज-वजाबाकीनंतर 'हा गॅस समुद्रातून आला असेल' वगैरे बोलायला जागाच राहत नाही.

पण समजा हिशेबावर विश्वास नाही. ठीक आहे, मग पाण्याचा नमुना लॅबला पाठवू, पंपाचं पाणी वेगळं ओळखता येतं का बघू. येतं! कार्बनचे प्रकार असतात, १२, १३ आणि १४ वजनाचे. कार्बन-१४ किरणोत्सारी, साधारण ५,७०० वर्षांत निम्मा होतो. आपल्या चंद्रपूर-वणीच्या खाणीतला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, त्यात हा कार्बन-१४ औषधालाही उरलेला नाही. मग तो जाळून झालेला गॅस हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण पातळ व्हायला पाहिजे, आणि ते झालंय हे हान्स सुएस या रसायनशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात मोजून दाखवलं. (पुढे अणुबॉम्बच्या चाचण्यांनी त्यात घोळ घातला, पण सुएस यांच्या झाडांनी तो कार्बन त्याआधीच साठवलेला होता.) आता कार्बन-१३. झाडं गॅस घेताना हलका १२ जास्त उचलतात, त्यामुळे झाडांपासून बनलेल्या कोळशात, तेलातही १३ कमी. ज्वालामुखीच्या गॅसमध्ये तसं नसतं, समुद्राच्याही नसतं. हवेतलं १३चं प्रमाण सतत घसरतंय. म्हणजे हवेत भर टाकणारा कार्बन एक, झाडांचा आहे, आणि दोन, खूप जुना आहे. जुनी झाडं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. वर ऑक्सिजनही कणाकणाने कमी होतोय, श्वासाला काही फरक पडणार नाही इतका कमी, पण मोजता येतो, जाळल्याशिवाय तो कमी कसा होईल?

सूर्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण खाली आणखी दोघांनी विचारलंय म्हणून घाईत: १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, ११ वर्षांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्का वर-खाली होते, वाढत गेलेली नाही. आणि सूर्याने तापवलं असतं तर हवेचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता. तो थंड होतोय. हे असंच होईल असं हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांच्या गणितातून १९६७ मध्येच निघालं होतं, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

बर्फाचा मुद्दा. हिमयुग संपताना आधी तापमान आणि मागून गॅस, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात दिसतं हे खरंय. तिथे सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि कलण्यातल्या बदलाने होते, मग समुद्र तापून गॅस सोडतो, त्या गॅसने तापमान आणखी वाढतं. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने वाढवलं. त्यावरून गॅसने तापतच नाही असं कसं निघेल? शिवाय ती १०० पीपीएमची (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या गॅसचे किती भाग) चढण चढायला निसर्गाला हजारो वर्षं लागली. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ होता, २०२४ मध्ये ४२४ च्या आसपास. आणि बर्फात आठ लाख वर्षांची हवा अडकलेली आहे, त्यात एकदाही ३०० च्या फार वर गेलेला नाही. कक्षेचं म्हणाल तर सध्याचा तिचा कल अगदी सावकाश थंडीकडे आहे.

दुष्काळांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणारच नाही. दुर्गादेवीचा, १८७६ चा, ७२ चा, मान्सूनचा लहरीपणा आपल्या पाचवीला पुजलेला आहे, १८७७ आणि १९७२ दोन्ही एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून आपला मान्सून बिघडतो तशी वर्षं होती. आजही प्रत्येक कोरड्या पावसाळ्याला 'क्लायमेट चेंज' म्हणणारे नेते मला डोक्यात जातात, टँकरचं आणि उसाचं अपयश झाकायला बरं पडतं ते. २६ जुलैला मुंबई बुडाली त्यातही मिठी नदीचं आपण काय करून ठेवलं होतं हे विसरून चालणार नाही. पण दुष्काळ आधीही पडायचे म्हणून आता काही बदललं नाही असं होत नाही ना. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस मात्र कमी झाला.

राहिलं गोऱ्यांचं कारस्थान. १९३८ मध्ये, म्हणजे ना आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) ना कार्बन टॅक्स, गाय कॅलेंडर नावाच्या एका ब्रिटिश इंजिनीअरने, वाफेच्या यंत्रांवर काम करणारा माणूस, हवामानशास्त्रज्ञ नव्हेच, जगभरच्या जवळपास दीडशे ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी जमवल्या, हाताने आकडेमोड केली आणि सांगितलं की पृथ्वी तापतेय आणि त्यात कोळशाचा हात आहे. वर त्याला वाटलं हे चांगलंच आहे, शेतीला फायदा होईल, हिमयुग लांबेल! असलं कसलं कारस्थान? पुढे रिचर्ड म्युलर, हे तर स्वतः शंका घेणारे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी सगळा डेटा नव्याने तपासला आणि २०१२ मध्ये जाहीर लिहिलं की वाढ जवळजवळ पूर्ण माणसामुळेच आहे.

पण कारण कोण आणि भरपाई कुणी करायची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते तुम्ही एकात कालवता. आजवरच्या एकूण उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा चौथाईच्या आसपास, भारताचा तीन-चार टक्के. हे म्हणायचं असेल तर चंद्रपूरचं वीजकेंद्र उद्या बंद करा म्हणणाऱ्याशी मीही तुमच्याबरोबर भांडेन. पण 'तुम्ही तापवलं, तुम्ही भरा' हे त्यांना सांगायचं तर आधी माणसानेच तापवलं हे मान्य करायला लागतं. निसर्गावर ढकललं की पहिली सुटका अमेरिकेची होते.

आणि तुमच्याच खात्याच्या दृष्टीने हा वाद नुसता वाद नाहीये. नैसर्गिक चक्र असेल तर आज वर गेलेलं उद्या खाली येईल, जुने आकडे धरून बसता येईल. माणसामुळे असेल तर हवेतला गॅस वाढेल तसं हे वाढतच राहणार, हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरते, मग कोसळते तेव्हा जास्त कोसळते. सांडव्याची क्षमता ठरवताना जुन्या पावसाच्या नोंदींवरून सगळ्यात मोठा पूर किती येईल ते काढतात ना? जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला, कोयना उगम पावते तिथेच, २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला. तुमच्या वेळच्या तक्त्यांमध्ये एका दिवसाचा एवढा पाऊस कुठे धरलेला होता का, आणि नसेल तर जुन्या धरणांच्या सांडव्यांची गणितं परत मांडायला घेतली होती का, यावर तुम्ही लिहा. कितीही मोठं असू दे, इथेच तुमच्या नावाने टाकतो, आणि माझ्याशी असहमत असलात तरी एक शब्द कापणार नाही.