डिस्ट्रिक्ट आहे ना, मग काळजी कसली!

अभिनंदन! डेन्व्हरच्या उपनगरात टाऊनहोम घेतलंत. दोन्हीकडे शेजाऱ्याची भिंत, पुढे हातभर हिरवळ, मागे गल्लीत उघडणारं गॅरेज. सह्या करताना पुढे आलेल्या गठ्ठ्यात कुठेतरी 'मेट्रोपॉलिटन डिस्ट्रिक्ट' असे शब्द होते. तुम्ही ते मनात 'जिल्हा' असं वाचलंत आणि पान उलटलंत. छान केलंत. ही सवय मोडू नका.

कोलोरॅडोतल्या या डिस्ट्रिक्टला कलेक्टर नसतो आणि ती आपल्याकडची सोसायटीही नसते. रस्ते, पाणी, सांडपाणी, उद्यानं, अगदी डासनिर्मूलनसुद्धा, अशा कायद्यातल्या यादीतल्या किमान दोन सेवा देणारं ते एक छोटं सरकार असतं. ते कर्जरोखे काढतं आणि कर लावतं. बिल्डरने घातलेल्या रस्त्या-गटारांचं कर्ज तुमच्या मालमत्ता करातून फिटत असतं. तेव्हा 'आमच्याकडे एचओएची (म्हणजे घरमालकांच्या संघाची) वर्गणी फक्त नव्वद डॉलर' असं पार्टीत जरूर सांगा. मिल लेव्हीचा, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या कराच्या दराचा, हिशेब मात्र करू नका. एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या हजार डॉलरमागे एक डॉलर. करपात्र मूल्य ३५,००० आणि डिस्ट्रिक्टचे ५० मिल धरले, तर वर्षाला १,७५० डॉलर. ते काउंटीच्या बिलात बसून बँकेच्या एस्क्रोतून (हप्त्याबरोबर कर-विम्याचे पैसे साठतात त्या खात्यातून) परस्पर जातात, त्यामुळे डोळ्यांना त्रास नाही. हप्ता वाढला की बँकेला शिव्या द्यायच्या.

आता जबाबदाऱ्या. तुमचं काय आणि त्यांचं काय, हे प्लॅटवर, म्हणजे वसाहतीच्या नोंदलेल्या नकाशावर, आखलेलं असतं. 'लॉट' तुमचा, 'ट्रॅक्ट' बहुधा डिस्ट्रिक्टचा किंवा एचओएचा. त्यावर डिक्लेरेशन, म्हणजे वसाहतीची नियमावली, आणि बऱ्याच ठिकाणी एक पानी देखभाल-तक्ता: छप्पर कोणाचं, खिडकी कोणाची, पायरी कोणाची. हे तीन कागद अर्ध्या तासात वाचून होतात, म्हणूनच ते टाळायचे. त्यापेक्षा सोपा नियम पाळा: घराच्या बाहेर दिसतं ते सगळं त्यांचं.

याची सुरुवात बागेच्या नळापासून करा. नळ भिंतीबाहेर आहे, म्हणजे डिस्ट्रिक्टचा, नाही का? तक्त्यात तो बहुतेक वेळा मालकाच्या नावावर असतो, पण तक्ता वाचायचा नाही हे ठरलंय. हा नळ फ्रॉस्ट-फ्री असतो. चाक बाहेर दिसतं, पण पाणी अडवणारा वॉशर आठ-दहा इंच आत, भिंतीच्या उबेत बसलेला. नळ बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी तोंडातून निथळून जातं आणि थंडीला गोठवायला काही उरत नाही. हे बिघडवायचं तर ऑक्टोबरात नळाला लावलेला होज (बागेचा रबरी पाईप) काढू नका, बस. होज लावलेला असला की नळी निथळत नाही, पाणी आत अडकतं, गोठून फुगतं आणि तांब्याला उभी चीर पडते. गंमत अशी की हिवाळाभर एक थेंब गळत नाही, कारण चीर बंद वॉशरच्या पुढे असते. मे महिन्यात झाडांना पाणी घालायला नळ उघडलात की होजमधून बारीक धार येते आणि भिंतीच्या आत मोठी. तळघरातला गालिचा ओला लागेपर्यंत उघडाच ठेवा. मग डिस्ट्रिक्टच्या मॅनेजरला मेल: 'युवर टॅप इज लीकिंग.'

पाण्याला पायाकडे वळवण्याचे आणखी मार्ग आहेत. इथल्या पुष्कळ जमिनीत बेंटोनाइट असतं. ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वर घर आहे याची भीड बाळगत नाही. म्हणून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरती हवी आणि पन्हळीचं पाणी पायापासून पाच फूट लांब पडायला हवं. त्यासाठी पन्हळीच्या पायाशी बिजागरीचा जोडपाईप असतो. गवत कापणारा तो वर उचलतो आणि तसाच ठेवून जातो. तुम्हीही हात लावू नका, गवतवाला त्यांचा आहे. शिवाय भिंतीलगत मेथी-कोथिंबिरीचा वाफा करा. रोज संध्याकाळी भरपूर पाणी. कोथिंबीर नाही आली तरी तळघराची फरशी नक्की वर येईल.

तळघरातल्या आतल्या भिंती वरून टांगलेल्या असतात आणि खाली दीड-दोन इंचांची फट सोडलेली असते, ती जमीन फुगली तर फरशीला वर यायला जागा म्हणून. ती फट बघून 'काय हे अर्धवट काम!' म्हणायचं आणि सिमेंटने लिंपून टाकायची. मग फरशी भिंतीला ढकलते, भिंत वरच्या मजल्याला, आणि स्वयंपाकघराचा दरवाजा चौकटीत अडकतो. तक्रार अर्थातच स्ट्रक्चरल, म्हणजे त्यांची.

मैलापाण्याच्या नळीबद्दल थोडक्यात. घरापासून रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपर्यंतची नळी बहुतेक गावांत मालकाची असते, रस्त्याखालचा तुकडासुद्धा. घरांच्या काही ओळींत दोन-तीन घरांची मिळून एकच. तेव्हा तळणीचं तेल गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये ओता आणि 'फ्लशेबल' लिहिलेले वाइप्स फ्लश करा. तुंबलं की सगळ्यात खालच्या जाळीतून, म्हणजे तळघरातून वर येतं. शेजाऱ्याची ओळख व्हायला याहून चांगला प्रसंग नाही.

वसाहतीच्या टोकाला 'तलाव' आहे. पावसानंतर दोन दिवस भरतो आणि रिकामा होतो, म्हणून सभेत 'आमचा लेक गळतो' असं ठणकावून सांगा. तो डिटेन्शन पाँड आहे. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसापर्यंतचं ९७ टक्के पाणी ७२ तासांत सोडून द्यायचं, असा कोलोरॅडोचा कायदा आहे, कारण त्या पाण्यावर प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा हक्क. तुम्ही कापलेलं गवत त्यात टाकलंत तर बाहेर सोडणारी भोकं बुजून खरोखरच तलाव होईल. आणि डास.

गारपीट तर इथे हमखास. छप्पर एचओएच्या मास्टर पॉलिसीत, म्हणजे सगळ्या घरांच्या सामायिक विम्यात, असेल तर निवांत झोपा. डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने देण्याआधी आपण सोसायचा वाटा, रकमेत असतं की टक्क्यांत, हे विचारू नका. एक कोटी डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे दोन लाख, चाळीस घरांत वाटले तर प्रत्येकी पाच हजार. ते भरून मिळायला तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत लॉस असेसमेंटचं कलम असतं. अनेक पॉलिसींत ते मुळात हजार डॉलरचंच. वाढवून घ्यायला फार थोडे पैसे पडतात, म्हणूनच कोणी वाढवत नाही.

बर्फाचं एवढंच: बरीच कंत्राटं दोन इंच साचल्याशिवाय फावडं उचलत नाहीत. पावणेदोन इंच तुमचे.

शेवटी राजकारण. डिस्ट्रिक्टच्या संचालक मंडळाची निवडणूक विषम वर्षांच्या मे महिन्यात होते आणि उमेदवारी अर्ज ६७ दिवस आधी द्यायचा असतो. त्या वेळी तुम्ही भारतात असावं. उमेदवार जागांइतकेच निघाले तर निवडणूकच रद्द होते आणि तेच लोक चार वर्षं तुमचा मिल ठरवतात. एच-१बीवर असलात तर प्रश्नच मिटला: मत द्यायला नागरिकत्व लागतं, कर भरायला लागत नाही. सभेत येऊन बोलायला मात्र व्हिसा कोणी विचारत नाही, आणि सभेची सूचना डिस्ट्रिक्टला किमान २४ तास आधी लावावी लागते. पण तिथे जाण्यापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुपवर 'संध्याकाळी डास फार झालेत, डिस्ट्रिक्ट करतं काय?' एवढं टाका. तुमच्या डिस्ट्रिक्टने यादीतून ज्या दोन सेवा घेतल्या त्या रस्ते आणि उद्यानं. सर्व्हिस प्लॅनच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या स्थापनेच्या आराखड्याच्या, सुरुवातीलाच लिहिलंय.