इग्बो चित्रं म्हणजे युरोपची उसनवारी?

नायजेरियातल्या इग्बो समाजाच्या कलेबद्दल एक मत बिनधास्त पुढे ढकललं जातं: ख्रिस्ती धर्म आला, निसर्गपूजा संपली, आणि आता कलादालनांत दिसते ती युरोपीय अमूर्त चित्रांची नक्कल, वर 'इग्बो' असा शिक्का.

आधी नकलेचं बघू. इग्बो चित्रकार उचे ओकेके यांची आई उली काढायची. इग्बो बायका वनस्पतीच्या रसाने अंगावर आणि मातीच्या रंगांनी भिंतींवर काढत, ती ही नक्षी. त्यात वेटोळं घातलेला साप असतो, कोलाच्या बियांच्या फाका असतात, चंद्र असतो. रेघेइतकाच मान रेघेभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेला. ओकेकेंच्या १९६२च्या रेखाटनांतली वळणं या घरातली आहेत. युरोपकडून काही घेतलंच नाही असं नव्हे, पण त्यात चोरी कसली? १९६०च्या 'नॅचरल सिंथेसिस' या जाहीरनाम्यात त्यांनी जुन्या-नव्यातलं उपयोगी ते घ्या, असं उघड म्हटलं होतं. यादवी युद्धानंतर नायजेरियातल्याच न्सुक्का विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांनाही उलीकडे वळवलं.

'निसर्गपूजा' हा शब्दच इथे तोकडा पडतो. अला ही भूदेवी, पण नीतीची राखणदारही तीच; खून हा तिच्याविरुद्धचा अपराध. ओवेरी भागात तिच्यासाठी मूर्तींनी भरलेली मातीची म्बारी घरं उभारत. काम कधी वर्षानुवर्षं चाले, आणि पूर्ण झालं की घर पाऊस-वाळवीच्या हवाली. डागडुजी नाहीच! त्या मूर्तींमध्ये ब्रिटिश साहेबही बसलेला असे, त्यामुळे 'प्राचीन, न बदलणारी परंपरा' हेही बाद.

धर्म बदलला म्हणून कल्पना मरतात का? इग्बो शिल्पकार बेन एन्वोन्वू यांचं 'अन्यान्वू' हे ब्राँझशिल्प १९५०च्या दशकातलं, नाव इग्बो सूर्यदेवतेचं. त्याची एक प्रत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात आहे.

(जाता जाता: बाटल्यांच्या झाकणांचे पडदे करणारे एल अनात्सुई न्सुक्कात शिकवत, पण ते घानाचे, एवे समाजाचे. त्यांना इग्बो म्हणून खपवू नका.)

टीका करायचीच तर वेगळी करता येईल. उली बायकांची कला, अंगावरून काही दिवसांत पुसली जाणारी. कागदावर आली, टिकली, आणि नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. अडा उडेचुक्वू यांच्यासारख्या चित्रकर्ती न्सुक्काच्या गटात मोजक्याच. भिंती रंगवणाऱ्या किती जणींची नावं संग्रहालयांत लिहिलेली आहेत, हा प्रश्न नकलेच्या आरोपापेक्षा कितीतरी जड आहे.